लष्करी ट्रेलरची दुरुस्ती : गंज काढा, इतिहास राखा



वऱ्हाडातील जुन्या वाड्यांच्या आवारात, गोठ्यामागे किंवा धुऱ्यावरच्या बाभळीखाली कधी कधी एक बुटका, जाड पत्र्याचा, दोन चाकांचा ट्रेलर पडलेला दिसतो. आपल्या नेहमीच्या ट्रॉलीपेक्षा तो लहान असतो आणि पुढच्या टोकाला जाड लोखंडी गोल कडी असते. घरातील वडीलधारी मंडळी त्याला "मिलिटरीचा" म्हणतात. बहुतेक वेळा असा ट्रेलर भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जातो. काही हौशी मंडळी तो दुरुस्त करतात, परंतु दुरुस्तीच्या उत्साहात त्यावरील साऱ्या खुणा पुसून टाकतात. हे दोन्ही प्रकार टाळता येतात. ते कसे टाळावेत याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतो. दर्यापूर तालुक्यातील आमच्या घरी असाच एक ट्रेलर होता. आजोबांनी तो लिलावात घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून विकत आणला, पुढे लाकडी दांडी बसवून बैल जुंपले आणि डनलप बंडीसारखा वापरला. २०१४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो दुरुस्त करायला घेतला. भाड्याने ग्राइंडर आणला, एका दिवसात पत्रा पांढरा केला, रेड ऑक्साइड मारले आणि वर चकचकीत निळा रंग दिला. संध्याकाळी वडील शेतातून आले. ट्रेलरच्या आतल्या बाजूवर हात फिरवून ते एवढेच म्हणाले, "काहून खरडलं रे बापू? आबाजीचा हिशोब होता थो." १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्यानंतरच्या हंगामांत केंद्रावर नेलेल्या प्रत्येक खेपेचे क्विंटल आजोबांनी तेलरंगाने आतल्या पत्र्यावर लिहून ठेवले होते. मला ते रंगाचे डाग वाटले. मी एकही छायाचित्र काढले नव्हते.

हा लेख त्या चुकीतून आणि नंतर दुसऱ्या एका ट्रेलरवर केलेल्या कामातून लिहिला आहे.

हा ट्रेलर शेतात आला कसा?

दुसऱ्या महायुद्धात जीपमागे ओढण्यासाठी पाव टन क्षमतेचा लहान ट्रेलर फार मोठ्या संख्येने तयार झाला. तो बनवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील बॅन्टम कंपनी. १९४० साली जीपचा पहिला नमुना याच कंपनीने तयार केला होता. परंतु जीप बनवण्याचे मोठे काम विलीज आणि फोर्ड यांना मिळाले आणि बॅन्टमच्या वाट्याला ट्रेलर आले. हा ट्रेलर एखाद्या टाकीसारखा पाणबंद असतो. नदी ओलांडताना तो तरंगावा यासाठी तशी रचना केलेली होती. म्हणूनच त्याच्या तळाला पाणी सोडण्याची छिद्रे व त्यांना झाकणे असतात.

१९४५ साली युद्ध संपले. भारत-ब्रह्मदेश आघाडीसाठी आलेली वाहने, यंत्रे व सुटे भाग मोठ्या प्रमाणावर येथेच उरले आणि त्यांची विक्री झाली. शेतीशी याचा संबंध जवळचा आहे. १९४७ साली केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन सुरू केले, ते अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊनच. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरून लागवडीखाली आणणे हे त्याचे मुख्य काम होते. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यावेळी अमरावती व अकोला हे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात (नंतरच्या मध्य प्रदेशात) होते आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिले.

नंतरच्या काळातही सैन्याने वापरातून काढलेली वाहने व ट्रेलर लिलावात निघत राहिले. वऱ्हाडाच्या आजूबाजूला लष्करी ठिकाणेही आहेत. पुलगावचा दारूगोळा साठा व नागपूरजवळची कामठी छावणी ही त्यांपैकी दोन. तेव्हा आपला ट्रेलर युद्धकाळातीलच आहे असे गृहीत धरू नये. तो नंतरचा, भारतीय सैन्याचाही असू शकतो. ते ट्रेलरवरील खुणाच सांगतील.

कोणता इतिहास राखायचा?

दुरुस्ती करणाऱ्यांची येथे गल्लत होते. लष्करातील वर्षे तेवढा इतिहास आणि त्यानंतरची शेतातील वर्षे म्हणजे मोडतोड, असे समजले जाते. प्रत्यक्षात असा ट्रेलर सैन्यात काही वर्षे राहिला असेल, तर आपल्या शेतात तो तीस-चाळीस वर्षे राबला आहे. मागचा पत्रा कापून बसवलेला फाळका, बैलांच्या दांडीसाठी पाडलेली भोके, बाजूवर रंगवलेले गावाचे नाव, "शुभ लाभ", पोत्यांचा हिशोब हा सारा त्याचाच इतिहास आहे. दोन्ही भाग सारख्याच काळजीने राखावेत. एक दाखवण्यासाठी दुसरा पुसू नये.

पहिले काम : वही आणि कॅमेरा

ट्रेलरला पाना लावण्यापूर्वी किमान आठ दिवस फक्त नोंदी कराव्यात.

१) चारही बाजूंनी, वरून, आतून व खालून छायाचित्रे काढावीत. साधा मोबाइल पुरेसा आहे. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी म्हणजे खुणांचा आकार नंतरही कळतो.

२) पुढच्या पत्र्यावर किंवा चेसिसवर धातूची माहितीपट्टी आहे का पाहावे. ती नसेल तर तिच्या खिळ्यांची भोके शोधावीत. चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक ग्रीस व मातीखाली दडलेला असतो. तेथे केरोसीनचा बोळा व मऊ ब्रश वापरावा, छिन्नी वापरू नये.

३) ठोकलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासावी. अक्षरे कागदावर उमटतात. हा कागद तारखेसह वहीत चिकटवावा.

४) अंधार पडल्यावर बॅटरीचा प्रकाश पत्र्याला लागून, तिरपा टाकावा. दिवसा न दिसणारी जुन्या अक्षरांची कड अशा प्रकाशात उठून दिसते.

५) पाच टोकांचा पांढरा तारा ही युद्धकाळातील अमेरिकन व मित्रराष्ट्रांच्या वाहनांवरील खूण आहे. रुंद टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची जुनी खूण आहे. भारतीय सैन्याच्या वाहन क्रमांकातही सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन अंक ते वाहन सैन्यात दाखल झाल्याचे वर्ष दाखवतात.

६) घरातील व गावातील वृद्धांना विचारावे : ट्रेलर कोणी आणला, कोठून, किती रुपयांत, आधी बैल होते की ट्रॅक्टर, कोणत्या मिस्त्रीने काय बदलले. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे, आपण निवाडा करू नये. लिलावाची पावती, विक्रीचा कागद जुन्या पेटीत असल्यास त्याची प्रत काढावी.

रंगाचे थर वाचणे

जमीन तपासताना आपण खड्डा खोदून मातीचे थर पाहतो. वरचा कसदार थर कोठे संपतो, चुनखडी कोठे लागते, मुरूम किती खोल आहे, हे त्या उभ्या काटात दिसते. रंगाचेही तसेच आहे. कोणतीही खूण नसलेली जागा निवडून तळहाताच्या निम्म्या आकाराचा भाग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावत, हलक्या हाताने घासावा. मध्यभागी जास्त व कडेला कमी घासल्यास एकात एक वर्तुळे दिसू लागतात. प्रत्येक वर्तुळ हा एक थर असतो.

अकोट तालुक्यातील एक शेतकरी बंधू २०२२ च्या हिवाळ्यात माझ्याकडे आले. त्यांच्या ट्रेलरला रेड ऑक्साइडचे किती हात द्यावेत, एवढेच त्यांना विचारायचे होते. आम्ही आधी अशी एक "खिडकी" काढली. वर निळा, त्याखाली तांबडा, मग राखाडी आणि तळाशी चमक नसलेला हिरवा रंग निघाला. निळा त्यांच्या स्वतःच्या हातचा होता, तांबडा वडिलांच्या. राखाडी कोणाचा हे घरात कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या पत्र्यावर तिरप्या प्रकाशात बाणाचे टोक व दोन अंक दिसले. उरलेला क्रमांक गंजाने खाल्ला होता. तेव्हा त्या बंधूंनी विचारले, "उरलेले अंक आपण अंदाजाने लिहून टाकावे काय?" त्यांना जे उत्तर दिले तेच येथे देतो : लिहू नयेत. जे सापडले तेवढेच खरे. अंदाजाने रंगवलेला अंक दहा वर्षांनी पुरावा समजला जातो.

साफसफाई व गंज काढणे

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील बंधूंनी येथे विशेष काळजी घ्यावी. या भागातील विहिरी व बोअरच्या खाऱ्या पाण्यातील क्षार पत्र्याच्या सांध्यांत बसतात आणि गंज झपाट्याने वाढतो. धुण्यासाठी पावसाचे साठवलेले किंवा नळाचे गोडे पाणीच वापरावे व पत्रा त्याच दिवशी उन्हात पूर्ण वाळवावा. म्युरेट ऑफ पोटॅशसारखे क्लोराईडयुक्त खत ज्या ट्रेलरमधून वाहिले असेल, त्याचे कोपरे दोन-तीन वेळा धुवावेत.

सुटा गंज पितळी किंवा मऊ तारेच्या ब्रशने काढावा. खूण किंवा अक्षर असलेल्या भागावर ब्रशही नको. तेथे केवळ ओले फडके फिरवावे.

नट-बोल्ट, कड्या, साखळी, बिजागऱ्या असे सुटे लोखंडी भाग मळीच्या पाण्यात टाकावेत. एक भाग मळी व नऊ भाग पाणी घेऊन भाग पूर्ण बुडवून ठेवावेत. आठ ते पंधरा दिवसांत गंज सुटतो. चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेले भाग यात टाकू नयेत. टाकी झाकून ठेवावी, कारण गोड वासाने जनावरे तेथे येतात. भाग बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच तेल लावावे.

महत्त्वाचा इशारा : जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. पत्रा कोरडा घासल्यास शिशाची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. म्हणून घासकाम नेहमी ओले करावे, तोंडाला चांगला मास्क लावावा व लहान मुलांना दूर ठेवावे. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून रंगाचे पोपडे गोळा करावेत. ते शेणखताच्या खड्ड्यात किंवा शेतात टाकू नयेत. जुन्या रंगाचे पोपडे चाटल्याने गुरांना शिशाची विषबाधा होते. त्यामुळे हे काम गोठ्याजवळ करू नये.

पत्रा, चाके व कडी

कुजलेला पत्रा कापताना चांगला भाग जास्तीत जास्त राखावा. नवीन तुकडा जोडल्यावर त्याच्या आतल्या बाजूस साल ठोकावे, म्हणजे मूळचे कोणते व नवे कोणते हे पुढच्या पिढीला कळेल. काढलेला तुकडा खूण असलेला असेल तर भंगारात न देता तेल लावून ठेवावा. नवे दिवे किंवा रिफ्लेक्टर बसवताना मूळ पत्र्याला भोके पाडण्याऐवजी पट्टी आवळून बसवावेत. तत्त्व एवढेच : आपण केलेले काम उद्या कोणाला काढावेसे वाटले तर मूळ वस्तूला धक्का न लागता ते काढता आले पाहिजे.

चाकांच्या बाबतीत घाई जिवावर बेतू शकते. काही लष्करी चाकांची रिम दोन भागांची असून ती बोल्टने जोडलेली असते. टायरमध्ये हवा असताना हे बोल्ट सैल केल्यास रिमचा भाग गोळीसारखा उडतो. प्रथम व्हॉल्व्हचे पिन काढून हवा पूर्ण सोडावी, मगच पाना लावावा. कोणते नट चाक हबला धरतात व कोणते रिमचे दोन भाग जोडतात, हे ओळखता येत नसेल तर जाणकार टायर मिस्त्रीकडेच जावे.

हबमधील बेअरिंग केरोसीनमध्ये धुऊन हाताने फिरवून पाहावेत. खरखर लागल्यास किंवा रोलरवर खड्डे दिसल्यास ते बदलावेत. नवे बेअरिंग घातले तर तशी नोंद वहीत करावी. हा भाग झिजणाराच आहे, तो बदलल्याने इतिहास बुडत नाही.

पुढची गोल कडी लष्करी हुकासाठी केलेली आहे. ट्रॅक्टरच्या पिनमध्ये ती ढिली बसते आणि झटके खाते. कडीवर व तिच्या मागच्या भागावर बारीक तडे आहेत का ते पाहावे. ओढताना जोडीला साखळी अवश्य लावावी.

भाराचे भानही ठेवावे. पाव टन म्हणजे ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. कच्च्या रस्त्यासाठी ही मर्यादा आहे. म्हणजे डीएपीची ५० किलोची चार पोती झाली की ट्रेलर भरला. ट्रॉलीचा माल त्यात भरल्यास एक्सल वाकेल आणि इतकी मेहनत वाया जाईल.

रंग : कायदा व जवसाचे तेल

येथे एक नियम माहीत असणे आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो. म्हणून रस्त्यावर न्यायचा ट्रेलर नव्याने लष्करी हिरवा करू नये. बाण असलेला जुना क्रमांक नोंदणी क्रमांकासारखाही वापरू नये. नोंदणी व कागदपत्रांबाबत आपल्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

या नियमामुळे आपले काम अडत नाही. अकोटच्या ट्रेलरवर पुढीलप्रमाणे काम केले. बाहेरील निळा व तांबडा रंग जेथे पक्का होता तेथे तसाच ठेवला. जेथे पत्रा उघडा पडला होता तेवढ्याच भागावर रेड ऑक्साइड प्रायमर व वर जुळता निळा रंग दिला. थर दाखवणारी खिडकी आतल्या बाजूस, पुढच्या कोपऱ्यात उघडी ठेवली. हिरवा रंग तेथेच दिसतो. बाण व दोन अंक आहेत तसे राखले.

जुना रंग टिकवण्यासाठी आपल्या विदर्भातलेच जवसाचे तेल उपयोगी पडते. रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड जवस तेल व टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून फडक्याने अगदी पातळ हात द्यावा आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. जाड थर ठेवल्यास तो चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. तेलाने रंग थोडा गडद दिसतो, म्हणून आधी छोट्या भागावर करून पाहावे. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ती एकेक करून मोकळ्या जागी वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. कापूस साठवलेल्या खोलीजवळ तर ती मुळीच नेऊ नयेत.

रंगकामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी दव पूर्ण वाळल्यावर काम सुरू करावे. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर तो वरून वाळतो, आत कच्चा राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.

साठवण

काळ्या जमिनीवर ट्रेलर उभा करू नये. पावसाळ्यात ही जमीन ओल धरून ठेवते, चाके रुततात आणि खालचा पत्रा सतत दमट राहतो. दगड किंवा विटांच्या ओट्यावर, छपराखाली, एक्सल टेकवून ठेवावा. टायर जमिनीपासून थोडे वर असावेत. तळाच्या छिद्रांची झाकणे काढून ठेवावीत. पाणबंद ट्रेलरमध्ये साचलेले पाणी हाच त्याचा मोठा शत्रू आहे.

थोडक्यात, हे टाळावे

१) नोंदी व छायाचित्रांपूर्वी ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावणे.
२) न सापडलेले क्रमांक, तारे, पलटणीच्या खुणा अंदाजाने रंगवणे.
३) शेतातील बदल दोष समजून पुसणे.
४) माहितीपट्टी काढून घरात ठेवणे किंवा विकणे. ती ट्रेलरवरच शोभते.
५) कोरडे घासकाम व गोठ्याजवळ रंग खरडणे.
६) क्षमतेपेक्षा जास्त भार.

लष्करी वाहने जवळून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय जरूर पाहावे. ते १९९४ साली सुरू झाले. तेथे रणगाडे आहेत, पण कापसाचा हिशोब लिहिलेला ट्रेलर तेथे सापडणार नाही. तो आपल्याच आवारात आहे.

आमच्या घरच्या ट्रेलरवर मी तो हिशोब पुन्हा रंगवला नाही. वडिलांना आठवतात त्या तीन खेपा त्यांच्याकडून वहीत लिहून घेतल्या आणि त्याखाली "बाकी २०१४ साली खरडले गेले" अशी नोंद केली. तरी ज्या शेतकरी बंधूंकडे असा ट्रेलर असेल त्यांनी या हिवाळ्यात आधी वही उघडावी. ग्राइंडर नंतर कधीही भाड्याने मिळतो.